कच्च्या वाटांचे कौतुक कोणी करावे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘सोलापूरच्या माळावरील वाहतूकमुक्त सायकलवाटा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दाम चार दिवस घेतले, कारण पहिल्या दिवशी लिहिले असते तर ते केवळ स्वतःचा बचाव झाले असते. आपण मोहोळ तालुक्यातील शेतकरी कुटुंबातले आहात. ज्या पाणंदीवरून, म्हणजे शेतात जाणाऱ्या गाडीवाटेवरून, पावसाळ्यात बैलसुद्धा धड चालत नाहीत आणि ज्या पक्क्या व्हाव्यात म्हणून गाव वर्षानुवर्षे अर्ज करत आले आहे, त्याच पाणंदींचे त्या कच्च्या आहेत म्हणून शहरातल्या माणसाने कौतुक करावे, हे आपल्याला खटकले. त्यांना ‘वाहतूकमुक्त’ म्हणणे चूक आहे आणि उघड्याबोडक्या माळाला ‘निसर्गरम्य’ म्हणणे ही वाचकांची फसवणूक आहे, असेही आपण लिहिले आहे. महागड्या सायकलींबद्दलचा टोमणा मी सोडून देतो. माझी सायकल जुनीच आहे, फक्त तिला चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर चढवले आहेत.

‘वाहतूकमुक्त’ या शब्दापुरती चूक मला मान्य आहे. तो लेख मी गुळवंची, कारंबा, मार्डी या बाजूच्या फेऱ्यांवरून लिहिला होता. तिथल्या ज्वारीच्या शिवारात सकाळी एखादी मोटारसायकल आणि शेळ्यांचा एखादा कळप यांपलीकडे कोणी भेटत नाही. तो अनुभव मी सरसकट सगळ्या जिल्ह्याला लावला. सीना आणि भीमेच्या काठचा ऊसपट्टा वेगळा आहे. तिथे दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, बैलगाड्यांची रांग लागते आणि शेताच्या तोंडाशी ऊसतोड कामगारांची वस्ती असते. अशा वाटेवर सायकलस्वाराने ‘रस्ता मोकळा आहे’ असे समजून उतारावरून वेगाने येणे धोक्याचे आहे, आणि ट्रॉलीवाल्याने आपल्यासाठी थांबावे अशी अपेक्षा करणे तर उद्धटपणाच आहे. लेखाचे शीर्षक मी बदलले आहे, आणि ऊसपट्ट्यातील मार्गांपुढे गळिताच्या महिन्यांत तिकडे जाऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे.

सौंदर्याच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. ‘निसर्गरम्य’ म्हटले की आपल्याकडे धबधबा आणि हिरवा डोंगरच डोळ्यांपुढे येतो, आणि मग सोलापूरचा माणूस स्वतःच्या मुलुखाबद्दल उगाच ओशाळून बोलू लागतो. जानेवारीत सातच्या सुमारास सूर्य वर येतो तेव्हा मार्डीकडच्या उंचवट्यावरून मालदांडी ज्वारीची कणसे उजेडात पांढुरकी दिसतात, वाळलेल्या कुसळी गवतावरून भोवत्या पक्षी जमिनीलगत तरंगत जातो, आणि नशीब असेल तर दूरवर काळविटांचा कळप एका रांगेत उड्या घेत जाताना दिसतो. झाडे कमी आहेत म्हणूनच इतके लांबवरचे दिसते. दक्षिणेला भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. मराठीतील सर्वांत जुन्या कालनिश्चित शिलालेखांपैकी एक, शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा, तिथल्या देवळात आहे. त्या गावी मोटारीने जाणाऱ्याला देऊळ दिसते. सायकलीने जाणाऱ्याला त्या आधीची काळी रानेही दिसतात, हा फरक मला लहान वाटत नाही.

आता मूळ आक्षेप. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, परतीचा पाऊस होऊन दोन दिवस झाल्यावर, मी मंद्रूपच्या पुढे एका गाडीवाटेला लागलो. आपल्याला वेगळे सांगायला नको, पण शहरी वाचकांसाठी लिहितो: काळी माती पाणी पिऊन फुगते, वरून सुकल्यासारखी दिसली तरी आतून लोण्यासारखी असते आणि चाकाला धरली की सुटत नाही. शंभर-दीडशे मीटरमध्ये माझे मागचे चाक चौकटीत घट्ट बसले. बाभळीच्या काटकीने चिखल खरवडावा, दहा पावले जावे, पुन्हा खरवडावे, असे करता करता शेवटी सायकल खांद्यावर घेतली. बांधावर उभ्या असलेल्या एका काकांनी विचारले, “सायकल फिरवायला आणलीय का तिला तुम्हीच फिरवताय?” मी हसलो. मग ते त्याच सुरात म्हणाले की ऊस तुटून पडतो, ट्रॉली बाहेर निघत नाही, आणि रानातच वाळून त्याचे वजन घटते. मला ती चूक एका सकाळी भोवली. त्यांना ती दर हंगामाला भोवते, आणि चूक त्यांची नसते.

म्हणून आपल्याला सांगतो की मला कच्चा रस्ता आवडतो याचा अर्थ मला वाईट रस्ता आवडतो असा नाही. ज्याला जगभर ‘ग्रॅव्हल’ म्हणतात तो रस्ता म्हणजे चिखलवाट नव्हे. आपल्याकडचा त्याचा सख्खा भाऊ म्हणजे मुरमाचा रस्ता: मधोमध थोडा उंच, दोन्ही कडांना पाणी वाहून नेणारी चर, आणि रोलर फिरवून दाबलेला मुरूम. मुरूम हा झिजलेला काळा पाषाणच. तो पाणी धरून ठेवत नाही, आणि दाबला की घट्ट बसतो. उत्तर सोलापुरातील माळावरच्या वाटा मुळातच अशा मुरमाड जमिनीवर आहेत, त्यामुळे पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी त्यावरून सायकल निघते. मंगळवेढ्याच्या किंवा मंद्रूपच्या काळ्या रानात त्याच पावसानंतर आठवडा थांबावे लागते. मला जो रस्ता चांगला लागतो तोच बैलगाडीला आणि ट्रॉलीला लागतो. पाणंद भर घालून उंच केली, तिच्यावर खडी आणि मुरूम टाकला, बाजूला चर काढली तर आपला ऊस निघतो आणि माझी सकाळ वाया जात नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची जी योजना आणली, तिचा हेतू याहून वेगळा नाही. उद्या आपल्या गावाने त्या रस्त्यावर डांबर टाकून घेतले तर मी खेद व्यक्त करणारा लेख लिहिणार नाही. तो रस्ता आपला आहे.

इटलीतील टस्कनीचे उदाहरण मी लेखात दिले होते. तिथे 1997 मध्ये जुन्या सायकली घेऊन पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून फेरी काढायला सुरुवात झाली, आणि ते रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा त्यामागचा एक उद्देश होता. आज पाहता ते उदाहरण इथे जसेच्या तसे लागू करणे ही माझी घाई होती. तिथल्या शेतकऱ्याला बाजारात जायला दुसरा पक्का रस्ता आधीच होता, आणि पांढरी वाट जपल्याने त्याच्या दारात पाहुणा येत होता. आपल्या शिवारात अनेकदा ती एकच वाट असते.

यात एक गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत नाही, पण मला ती वाटेवर वारंवार दिसते. गावनकाशावर जो गाडीमार्ग तुटक रेषांनी स्पष्ट दाखवलेला असतो, तो प्रत्यक्षात गेल्यावर एखाद्या तुरीच्या पिकात शिरून संपतो. दोन्हीकडून बांध दर वर्षी वीतभर पुढे सरकत आलेले असतात. अशा वेळी मी मागे फिरतो, कारण कोणाच्या पिकातून सायकल नेण्याचा मला अधिकार नाही. पण त्या पलीकडच्या शेताचा मालक मागे फिरून कुठे जाणार? वाट मिळवायला त्याच्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 आहे, जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे, तहसीलदारांकडे अर्ज आहे आणि त्यानंतर भाऊबंदकी आहे. सायकलस्वाराच्या हौसेमुळे पाणंद कच्ची राहते असे मला दिसलेले नाही. ती अडते ती बहुधा शेजाऱ्याच्या बांधाशी. हे लिहिताना मी आपल्या गावाबद्दल बोलत नाही, एवढे समजून घ्यावे.

आपण ओझरता उल्लेख केलेला नान्नजचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. 1979 मध्ये घोषित झालेल्या त्या माळढोक अभयारण्याच्या कडेने जाणारी एक वाट मी लेखात दिली होती. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. पण धाविक, टिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, हिवाळ्यात आलेले भोवत्या गवतातच रात्र काढतात, आणि दहा सायकली पहाटे तिथून गेल्या तर त्याचा त्रास कोणाला होतो हे पाहायला आपण थांबत नाही. वाट गावाचीच असली तरी तिचा प्रचार करण्याचे काम माझे नव्हते. ती मी नकाशातून काढली आहे. ज्यांना तो माळ पाहायचा आहे त्यांनी वनविभागाची परवानगी घेऊन, वाटाड्याबरोबर, पायी पाहावा.

आपल्या गावाजवळून सीनेकडे उतरणारा जो तुकडा लेखात दाखवला होता, तोही सध्या काढून ठेवला आहे, कारण आपण सांगितल्याप्रमाणे तिथे गळितात ट्रॉल्यांना वळायलाही जागा नसते. त्या पाणंदीवर खडी पडली की कृपया कळवावे. तेव्हाही वाट परत नकाशावर घालायची की नाही हे आपणच ठरवावे. मी मात्र एकदा हुरड्याच्या दिवसांत, ट्रॉल्यांच्या वाटेत न येता, तिकडे येऊन जाईन.