खुलासा: स्केटच्या चाकावरचा 'ए' आकडा टिकाऊपणाचा नाही

"लांब पल्ल्याच्या रोड स्केटिंगला ९० एची चाकं घ्या, जितका आकडा मोठा तितकी चाकं जास्त टिकतात," असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. 'ए' हे शोअर मापनपट्टीवरचं कडकपणाचं माप आहे. झीज ठरते ती मुख्यतः पॉलियुरेथेनच्या, म्हणजे चाक ज्या रबरासारख्या प्लास्टिकचं असतं त्याच्या, दर्जावर. हलक्या प्रतीचं ८८ एचं चाक चांगल्या ८५ एच्या आधी झिजू शकतं.

शिवाय खडबडीत डांबरावर फार कडक चाक प्रत्येक खडीचा हादरा थेट पायात पोचवतं, ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतं. बाहेरच्या रस्त्यासाठी साधारण ८४ ते ८६ ए बरं. वजन जास्त असेल तर थोडं कडक.

टिकाऊपणासाठी व्यासाचा विचार मात्र जरूर करा: मोठं चाक तितक्याच अंतरात कमी वेळा फिरतं. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटर अंतरात ८० मिमीचं चाक सुमारे १ लाख ६८ हजार वेळा फिरेल, ११० मिमीचं १ लाख २२ हजार वेळा.

आणि चाकं आतल्या कडेने आधी झिजतात. ती वेळेवर उलटवून एकमेकांच्या जागी लावा, नव्या चाकांचा खर्च बराच पुढे जातो.