दहा हजारांचा असोला नारळ

कोकणात जुलैतल्या रात्री लाईट गेली की काडेपेटी सादळलेली सापडते, बॅटरीतले सेल गळलेले सापडतात आणि उरते ती पॉवर बँक. मग अंधारात गाऱ्हाणं सुरू होतं. "बा देवा म्हाराजा, खोक्यार दहा हजार लिवलेला आसा, तितक्या नको, निदान साडेसहा हजार तरी पदरात घाल रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

हे गाऱ्हाणं मला फार शास्त्रशुद्ध वाटतं. कारण खोक्यावरचे १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) म्हणजे असोला नारळ. झाडावरून पडला तेव्हाचं वजन. आमटीत किती पडणार ते सोलल्याशिवाय कळत नाही.

आधी सोडण काढू. आतल्या लिथियम सेलचा व्होल्टेज सरासरी ३.७ आणि खोक्यावरचा आकडा त्या व्होल्टेजला मोजलेला. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-तास. यूएसबीतून बाहेर पडतात ५ व्होल्ट, म्हणून तिथे तीच ऊर्जा ७,४०० एमएएच दिसते. ही चोरी नव्हे, मापाचा फरक. मग करवंटी. व्होल्टेज चढवणारं सर्किट साधारण दहा ते पंधरा टक्के उष्णतेत घालवतं. पॉवर बँक हाताला कोमट लागते ते हेच. राहिले ३२ वॉट-तास, म्हणजे सुमारे ६,४०० एमएएच. प्रामाणिक कंपनी हा आकडा पाठीमागे ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापते, पण मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत. शेवटी चोथा. ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत जेमतेम १९ वॉट-तास मावतात, पण भरताना फोनही तापतो, त्यामुळे त्याच्या तोंडात २२ ओतावे लागतात. ३२ भागिले २२. दुकानात "दोनदा आरामात होतलो" म्हणतात, तो हा दीड.

आता मोजणी. पॉवर बँकेवरच्या चार दिव्यांवर विसंबू नये, हे माझं ठाम मत. लिथियम सेलचा व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखा घसरतो. दिवे बहुधा व्होल्टेज बघूनच अंदाज बांधतात. म्हणून पहिला दिवा मुंबैकर पाहुण्यासारखा हलत नाही आणि शेवटचा न सांगता निघून जातो.

त्यापेक्षा यूएसबी मीटर घ्यावा, म्हणजे बँकेतून बाहेर पडणारी वीज मोजणारी छोटी डबी. काही शे रुपयांना मिळतो. त्यावर एमएएच आणि वॉट-तास दोन्ही दिसतात. आपण वॉट-तासच लिहायचे, कारण फास्ट चार्जिंगमध्ये ५ चे ९ व्होल्ट झाले की एमएएचचा आकडा अर्ध्यावर येतो आणि उगाच छातीत धस्स होतं. बँक पूर्ण भरा. १० वॉटच्या चार्जरवर पाच-सहा तास धरा. मधे लाईट गेली तरी बिघडत नाही, आली की पुढे भरते. भरल्यावर तासभर निवू द्या. मग मीटरचं जुनं वाचन पुसून शून्य करा, पुढे लोड, म्हणजे वीज खाणारं काहीतरी, जोडा आणि २ अँपिअरवर ठेवा. पंखावाला इलेक्ट्रॉनिक लोड नसेल तर २.५ ओहमचा रेझिस्टर चालतो, मात्र तो निदान २० वॉटचा हवा आणि ठेवायचा तो चिऱ्यावर किंवा लादीवर. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवलात तर पॉवर बँकेआधी टेबलाची चाचणी होईल. उघड्या जोडण्यांची वायर वायरला लागू देऊ नका आणि पोरांना पडवीत पाठवा.

सवातीन तासांच्या आसपास बँक स्वतःहून बंद पडेल. मीटरवरचा आकडा ३७ ने भागा. ८५ टक्क्यांच्या वर आला तर बँक घरंदाज. ७० च्या खाली आला तर लगेच दुकानात भांडायला जाऊ नका, आधी केबल बदला. बँक आणि मीटरच्या मधल्या बारीक तारेच्या केबलीत जाऊन-येऊन पाव ओहम रोध असला तरी २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. आखूड, जाड केबलीनेही आकडा सुधारला नाही, तर सेलच खोटे. हातात घेऊनही थोडं कळतं. १८६५० जातीचा एक नळकांडी सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात सहसा फार तर ३,५०० एमएएच मावतात. तेव्हा २०,००० वाली बँक पाव किलोच्याही आत भरली तर संशय घ्यावा. जड आहे म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. वजनासाठी आत वाळू भरलेल्या नकली बँकाही सापडल्या आहेत. किनारपट्टीच्या माणसाने वाळू विकत घ्यावी, हा अपमान वेगळाच.

लोड नसेल आणि फोनवरच मोजायचं असेल, तर फोन विमान मोडवर टाका. "आमच्या वाडीत रेंजच नाही, वेगळा मोड कशाला?" असं कोणी म्हणेल. पण रेंज नसलेला फोन गप्प बसत नाही. तो टॉवर शोधत पुन्हापुन्हा कानोसा घेत राहतो. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातही तो हेच करतो, आणि सड्यावर चढून मिळवलेल्या अर्ध्या दांडीच्या रेंजमध्ये तर पूर्ण ताकदीने हाका मारतो.

पावसाळ्यात टाइप-सीच्या खोबणीत ओल शिरली की फोन चार्जिंगच नाकारतो. त्याला उकड्या तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदळाचा भुगा खोबणीत बसतो. खोबण खाली करून हलकेच झटका आणि वाऱ्याला ठेवा. खारा वारा पिनांवर हिरवट थर चढवतो. तो बंद उपकरणावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने हलकेच घासून बघा. आणि फुगलेला वडा चांगला, फुगलेली पॉवर बँक नाही. ती चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

राहता राहिला मुहूर्त. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक वाड्या कित्येक दिवस अंधारात होत्या. अशा वेळी बँकेत किती आहे हे नेमकं माहीत असावं. पण ते कळायला ती तळापर्यंत रिकामी करावी लागते, आणि पुन्हा भरायला सहा तास वीज लागते. म्हणून ही चाचणी मे महिन्यात, सकाळी, आभाळ निरभ्र बघून करावी. मिरगानंतर संध्याकाळी पाचला सुरू केलीत, तर सव्वाआठला मीटरवर तुमच्या हातात अचूक आकडा असेल, आणि तो वाचायला उजेड नसेल.