‘बाकीच्या पडल्या म्हणून’ म्हणे!

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते.

परवा नणंदेकडे जेवायला गेलो होतो. टीव्हीवर ऑलिम्पिकच्या जुन्या क्षणांचा कसलासा कार्यक्रम चालू होता. पॅरिस 2024, जिम्नॅस्टिक्स, मुलींची बीमची, म्हणजे अरुंद दांड्यावरच्या कसरतीची फायनल. अमेरिकेची सिमोन बाइल्स पडली. मग पुन्हा पडली, स्लो मोशनमध्ये. मग तिसऱ्यांदा, बाजूच्या कॅमेऱ्यातून. आणि सोनं जिंकणारी इटलीची पोरगी? गळ्यात पदक घालून दोन सेकंद, बस. निवेदकानं नाव ठोकून दिलं, ‘अ‍ॅलिस डी अमाटो’. अहो, आलीचे दामातो! एवढं मोठं चॅनल, कुणाला तरी विचारावं की! आमच्या भाच्याला तेवढ्यात ‘टोमॅटो’ सुचलंच.

आणि भावोजी, हातात पापड, म्हणतात कसे, "आयत्या बिळावर नागोबा हो वहिनी. बाकीच्या पडल्या म्हणून हिला मिळालं."

तिथेच माझं सटकलं.

बाकीच्या पडल्या म्हणून? अहो, बीम हा न पडण्याचाच खेळ आहे! समोरचे आउट झाले म्हणून हे जिंकले, असं क्रिकेटमध्ये म्हणता का कधी? पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदी फक्त 10 सेंटिमीटर. कंपासपेटीतली पट्टीसुद्धा 15ची असते. तिच्यावर कोलांट्या, गिरक्या, उड्या, सगळं दीड मिनिटाच्या आत. खाली आलात की एक अख्खा गुण गेला. त्या दिवशी आठजणींपैकी चौघी पडल्या. टोकियोची सर्वांगीण विजेती सुनी लीसुद्धा पडली, ती काय लिंबूटिंबू आहे? आणि ही बया उभी राहिली, 14.366 घेऊन!

हिशेबच करायचा तर करू. बाइल्सला 13.100. पडल्याचा एक गुण उदार मनानं परत देऊन टाकू, झाले 14.100. तरी दामातोच पुढे! आता म्हणाल, पडल्यामुळे एकाला एक जोडून केलेल्या उड्यांचे वरचे दशांशही गेले. गेले असतील. पण हे ‘असतं तर’ दरवेळी हरलेल्या मोठ्या नावासाठीच का वापरायचं?

‘असतं तर’चं दुकान इटलीनं उघडायला हवं होतं खरं. व्हनेसा फेरारी आठवते का कुणाला? 2006ची सर्वांगीण, म्हणजे सगळ्या प्रकारांत मिळून, जगज्जेती. लंडन 2012ला फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत, हिचे 14.900, रशियाच्या आलिया मुस्ताफिनाचेही 14.900. आणि कांस्य मुस्ताफिनाला! का, तर बरोबरी झाली की सफाईचे गुण बघतात. गुण सारखे, तरी चौथी. मग रिओत पुन्हा चौथी. त्याच रिओत आपली दीपा कर्माकर व्हॉल्टच्या उडीत 0.150नं चौथी आली, तेव्हा हेच भावोजी आठवडाभर हळहळत होते. फेरारीनं ते दोनदा गिळलं, पायाची शस्त्रक्रिया सोसली आणि टोकियोत तिशीत रौप्य आणलं. तेव्हा कुणी नागोबा काढला नाही, कारण कुणी बघितलंच नाही.

बरं, पॅरिसच्या त्या बीम फायनलचं कांस्यही इटलीलाच होतं, मनीला एस्पोझितोला. दोघींना नागोबा चावला वाटतं! आणि सहाच दिवस आधी याच पोरींनी सांघिक रौप्य मिळवलं होतं, ब्राझीलला जेमतेम गुणाच्या आतल्या फरकानं मागे टाकून. त्याआधीचं सांघिक पदक 1928चं, अ‍ॅमस्टरडॅमचं. तेव्हाच्या संघात लुइजिना जावोत्ती नावाची 11 वर्षांची मुलगी होती. मधे 96 वर्षं गेली.

आमच्या ग्रुपवर यातलं काय पोचलं? याच संघातली जॉर्जिया व्हिला चीजच्या भल्यामोठ्या चाकाला मिठी मारून बसलीय तो फोटो. सतरा वेळा. खाली हसून लोळणारे चेहरे. ती जाहिरात होती रे बाबांनो, चीजवाले तिचे प्रायोजक होते! टोकियोच्या तोंडावर पाय दुखावून हीच पोरगी संघाबाहेर गेली होती, ते फॉरवर्ड करायला मात्र कुणाचं बोट उठत नाही.

आणि आलीचेची जुळी बहीण आसिया. 2022ला म्युनिकमध्ये युरोपची सर्वांगीण विजेती झाली आणि त्याच स्पर्धेत व्हॉल्टवरून उतरताना जायबंदी. पॅरिसलाही दुखापतीमुळे नव्हती. लहानपणापासून दोघी एकत्र सराव करणाऱ्या, आणि हिला तिथे बहिणीशिवाय चढायचं होतं. हे असलं आयतं बीळ!

हे सगळं मी भावोजींना ऐकवलं. पापड मऊ पडला त्यांचा. तरी शेवटी म्हणतात, "तसं नाही हो वहिनी, पण नशीब लागतंच ना."

म्हटलं, या. स्वयंपाकघराचा उंबरठा दाखवला, चार बोटं रुंद. उड्या नकोत, कोलांट्या नकोत, नुसतं एका पायावर दीड मिनिट. लगेच चौकटीला हात! म्हटलं हात काढा, तिथे चौकट नसते. भाच्यानं मोबाइलवर वेळ लावली.

सातव्या सेकंदाला पाय खाली.

"आत्ताच जेवलोय ना," म्हणाले.