साबणावरचे थेंब भेसळीचे नव्हेत

घरी बेस, म्हणजे साबणाचा विकत मिळणारा तयार गोळा, वितळवून साच्यात ओतलेल्या साबणावर पावसाळ्यात थेंब दिसू लागले, तर बेसमध्ये भेसळ आहे, असा साबण फेकून द्यावा आणि पुढच्या वड्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, असा संदेश सध्या फिरतो आहे. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अशा बेसमध्ये ग्लिसरीन नेहमीच्या साबणापेक्षा जास्त असते, आणि हवेतील ओल ओढून घेणे हा ग्लिसरीनचा गुणधर्मच असल्यामुळे जुलैच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पारदर्शक वडीवर मोहरीएवढे थेंब जमतात. गुलाबाच्या साच्यातली वडी असेल, तर ते पाकळ्यांच्या खाचांत साचून बोटाला चिकट लागतात. कोरड्या सुती कापडाने ते टिपले की वडी खुशाल वापरावी.

फ्रिजचा सल्ला तर उलटा परिणाम करतो, कारण गार वडी बाहेर काढताच हवेतील बाष्प तिच्यावर आणखी जमते. त्याऐवजी वडी साध्या खोलीत पूर्ण निवली, की साच्यातून काढून लगेच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात, आत हवा राहणार नाही अशी घट्ट गुंडाळावी.

फेकून द्यायची वडी निराळी. हौसेने घातलेल्या ताज्या पाकळ्या काळ्या पडतात, फळांचा गर किंवा दूध नासते, आणि बुरशी धरते. अशी वडी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. तिच्याबद्दल त्या संदेशात एक शब्दही नाही, याची मला अधिक काळजी वाटते.