‘पीसीडी जुळला की चाक बसलं’: मॅगव्हीलच्या मेसेजचा प्रतिवाद

सोसायट्यांच्या आणि गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सुरुवात अशी: ‘पन्नास-साठ लाखांची सेडान घेतलीत आणि चाकं मात्र टॅक्सीसारखी?’ पुढचा सल्ला असा की कंपनीची १७ इंची चाकं काढा आणि १९ किंवा २० इंची मॅगव्हील (ॲल्युमिनियमची अलॉय चाकं) घाला. गाडी उंच होते, खड्डे लागत नाहीत, ब्रेक सुधारतो, पावसात पकड वाढते. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या भोकांचं माप, जुळला की झालं. आरटीओ आणि विमा कंपनी काही विचारत नाहीत, जुनी चाकं दुकानदारच विकत घेतो. खाली नाव कुणाचंच नाही, पण ही भाषा गिऱ्हाइकाची वाटत नाही, गल्ल्यावर बसलेल्या माणसाची वाटते.

दिसण्याबद्दल माझा वाद नाही. काळ्या सेडानला १९ इंची चाक शोभतं. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर गाडी स्टिअरिंगला जास्त चटकन वळते हेही खरं, कारण टायरची भिंत बुटकी झाली की ती कमी लवते. बाकीचं एकेक पाहू.

‘पीसीडी ११२ म्हणजे ११२. मर्सिडीज असो, ऑडी असो की नवी बीएमडब्ल्यू, चाक बसणारच.’

मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच, म्हणून त्याला जास्त जागा देतो. पीसीडी म्हणजे बोल्टांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए४, स्कोडा सुपर्ब या सगळ्यांचा ५ × ११२. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज एफ३० पिढीपर्यंत ५ × १२० होती, जी२० पासून तीही ११२ वर आली. त्यामुळे मुंबईत कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत एका गाडीचं चाक दुसरीला दाखवणं आता फार सोपं झालंय.

पण चाकाच्या मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, हे वेगळंच माप आहे. सी-क्लासचं ६६.६ मिमी, सुपर्बचं ५७.१. सुपर्बचं चाक मर्सिडीजच्या हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर) चढणारच नाही. मर्सिडीजचं चाक सुपर्बवर चढेल, पण हबभोवती पावणेपाच मिमीची पोकळी राहील. तिथे मापाची हब रिंग घातली नाही तर चाक मध्यावर धरायचं काम एकट्या बोल्टांवर येतं. मग बॅलन्सिंगच्या यंत्रावर शून्य दाखवणारं चाकही रस्त्यावर थरथरतं. दुकानदार पुन्हा बॅलन्सिंग करतो, मग अलाइनमेंट करतो आणि शेवटी म्हणतो, ‘रस्ताच तसा आहे साहेब.’

बोल्टांची गोष्ट याहून गंभीर. मर्सिडीज आणि ऑडीच्या मूळ चाकांना गोलसर बुडाचे बोल्ट येतात, बीएमडब्ल्यूला शंकूच्या आकाराचे. बाहेरून घेतलेली बरीच मॅगव्हील शंकूची बैठक घेऊन येतात. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या बैठकीत आवळला तर तो सगळ्या बाजूंनी न टेकता एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना घट्ट लागतो, नंतर ढिला होतो. आटेही सारखे नाहीत: नव्या थ्री सिरीजचा बोल्ट १४ मिमी जाडीचा आणि १.२५ मिमी अंतराच्या आट्यांचा, मर्सिडीजचा त्याच जाडीचा पण १.५ मिमी अंतराच्या आट्यांचा. हाताने फिरवला तर दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच अडकतो आणि चूक कळते. एअर गन लावली की अडकत नाही, हबमधले आटे खाऊन आत जातो.

त्यानंतर ऑफसेट, म्हणजे ईटी: हबला टेकणारा भाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते माप. समजा मूळ चाक ७.५ जे (म्हणजे साडेसात इंच रुंद), ईटी ४५ आहे आणि दुकानात ८.५ जे, ईटी ३५ दाखवलं. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ईटी १० ने घटला, म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर आलं. बाहेरची कड २२.७ मिमी पुढे आली, आतली सस्पेन्शनकडे २.७ मिमी सरकली. व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो तो आहेच. पण मुंबईत हे माप आधी पार्किंगमध्ये भेटतं. टॉवरमधल्या यांत्रिक पझल पार्किंगच्या लोखंडी पॅलेटला दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात, आणि दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी आता साडेचार सेंटिमीटरने वाढलेली असते. रिमच्या डायमंड कट फिनिशची चकाकी आठवडाभरात त्या कडेवर उतरते. पोडियमच्या गोल रॅम्पवर, मागे तीन माणसं बसलेली आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना, टायर फेंडरच्या आतल्या लायनरला घासतो का हे दुकानाच्या सपाट फरशीवर कधीच कळत नाही.

म्हणून टायर चढवायच्या आधी एक नुसतं रिम लावून बघायचं. ते हबवर पूर्ण टेकतं का, ब्रेक कॅलिपरपासून (डिस्कला पकडणाऱ्या भागापासून) मोकळं फिरतं का, बोल्ट हाताने किती फेरे आत जातो हे पाहायचं. फेरे मूळ बोल्टाइतके भरले नाहीत तर ते चाक परत. टायर चढवलेलं रिम बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. शेवटची आवळणी टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरापर्यंत आवळायच्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा. दुकानात टॉर्क रेंच नसेल तर दुकान बदलायचं, मग फिटिंग फुकट का असेना.

‘मोठं चाक घातलं की गाडी उंच होते, स्पीडब्रेकरला घासत नाही, खड्डे लागत नाहीत.’

हिशेब करून बघू. टायरवर २२५/५० आर१७ लिहिलं असेल तर रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के आणि रिम १७ इंची. २२५/५० आर१७ टायरचा एकूण व्यास ६५६.८ मिमी. त्याच गाडीवर चालणाऱ्या २२५/४० आर१९ चा ६६२.६. फरक ५.८ मिमी, आणि गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ३ मिमी. एवढ्याने वांद्र्यातला एकही स्पीडब्रेकर सुटणार नाही. खरोखर १० मिमी उंची हवी असेल तर व्यास २० मिमीने वाढवावा लागेल. मग स्पीडोमीटरचं गणित सुमारे तीन टक्क्यांनी बिघडेल आणि गाडी काट्यापेक्षा जास्त वेगाने धावेल.

बदलते ती टायरच्या भिंतीची उंची. १७ इंचीला ११२ मिमी, १९ इंचीला ९०, आणि २२५/३५ आर२० ला ७९ मिमीच्या आत. खड्ड्याचा धक्का आधी ही भिंत पिते, सस्पेन्शनची पाळी नंतर येते. मेसेजवाल्याने बरोबर उलटं लिहिलंय. उखडलेला पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाशेजारची लोखंडी पट्टी, काँक्रीटच्या दोन स्लॅबमधली पायरी, ही सगळी तीक्ष्ण कडेची. बुटकी भिंत तिथे रिमच्या ओठावर चिरडते. टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा रिमची आतली कड वाकते.

आतली कड बाहेर उभं राहून दिसत नाही. शहरातल्या चाळीसच्या वेगाला जाणवतही नाही. अटल सेतूवर शंभरला पोहोचल्यावर स्टिअरिंग थरथरू लागतं, आणि मालक सर्व्हिस सेंटरला सांगतो की गाडीत काहीतरी बिघडलंय.

ज्यांच्या गाडीला कंपनीकडूनच १९ इंची आली आहेत आणि महिन्याआड फुगा येतोय, त्यांनी उलट्या दिशेने जावं. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला १८ इंची असेल आणि आपल्या कॅलिपरवरून ती फिरत असेल, तर मुंबईत चाकांवर केलेला याहून शहाणा खर्च मला सुचत नाही. फोटोत वाईट दिसेल. मागच्या सीटवरची आई मात्र तक्रार करणार नाही.

‘ब्रेक जोरात लागतो.’

ब्रेकची डिस्क तीच, कॅलिपर तोच, पॅड तेच. चाक जड झालं तर ते थांबवायलाही जास्त जोर लागतो, आणि मोठ्या रिमचं वजन परिघाकडे सरकलेलं असतं. स्पोर्ट्स मॉडेलला मोठं चाक असतं कारण त्यांची डिस्क मोठी असते आणि ती लहान रिमच्या आत मावत नाही. मेसेजने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलीय. नव्या टायरचं रबर चांगलं असेल तर गाडी लवकर थांबेल, पण ते श्रेय रबराचं. तोच टायर १७ इंचीतही मिळतो.

‘रुंद टायर, म्हणजे पावसात जास्त पकड.’

कोरड्यात थोडी, हो. साचलेल्या पाण्यात नाही. टायरला पुढचं पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकायचं असतं. टायर रुंद झाला की तेवढ्याच वेळात जास्त पाणी सारावं लागतं, म्हणून तो कमी वेगाला तरंगू लागतो. जुलैत वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या उजव्या लेनमध्ये दुभाजकाला लागून पाण्याचा पट्टा असतो, तिथे रुंदीपेक्षा खाचांची खोली कामाला येते. कायद्याची किमान खोली १.६ मिमी आहे. पावसाळा सुरू होताना टायर तेवढा झिजलेला असेल तर तो बदललेलाच बरा.

‘सगळा माल इम्पोर्टेड, फोर्ज्ड (ओतलेला नाही, दाबून घडवलेला). तुटत नाही, आणि चीर गेलीच तर वेल्डिंग करून नव्यासारखं.’

रिम उलटं करून मागची बाजू वाचा. कमाल भार किलोत कोरलेला हवा, ईटी आणि रुंदी हवी, आणि कुठल्यातरी मानकाची खूण हवी: जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए, जर्मन टीयूव्ही किंवा आपली आयएसआय. व्हीआयएची खूण म्हणजे बाहेरच्या संस्थेकडे नोंदणी झालेली. नुसतं जेडब्ल्यूएल उत्पादक स्वतःच कोरतो. मागे काहीच लिहिलेलं नसेल तर ते चाक शोकेससाठी ठीक.

भाराकडे सहसा कुणी बघत नाही. २२५/५० आर१७ वर ९४ हा भार निर्देशांक असेल तर तो टायर ६७० किलो पेलतो. २२५/३५ आर२० वर साधारण ९० असतो, म्हणजे ६०० किलो. तुमच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा १,२०० किलो असेल तर हिशेब अगदी काठावर आला. आणि लोणावळ्याला जाताना मागे तीन माणसं नि बूटभर सामान असतंच. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर सापडतो, हवेचा दाब तिथे किंवा इंधनाच्या झाकणामागे.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात: ॲल्युमिनियमच्या चाकाला ताकद ओतकामानंतरच्या उष्णता-प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आचेने चिरेच्या आसपासची ती ताकद जाते. पॉलिश मारून ते दिसेनासं करता येतं, तेवढंच. किंचित वाकलेली कड यंत्रावर सरळ करणं वेगळं. चीर गेलेलं रिम भंगारात.

रनफ्लॅट (हवा गेल्यावरही चालणारे टायर) काढून साधे टायर घालायचा सल्लाही मेसेजच्या शेवटी चिकटवलाय. गाडी मऊ चालते हे खरं. पण अशा बऱ्याच सेडानमध्ये स्टेपनी नसते. रनफ्लॅट हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेतो, साधा टायर सी लिंकच्या मध्यावर बसवून ठेवतो. बदलायचे तर बूटमध्ये कंप्रेसर आणि पंक्चर किट ठेवा.

‘आरटीओ आणि विमावाले काही विचारत नाहीत.’

नाक्यावर कुणी विचारत नाही, हे खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचं माप लावलंत तर तुमची बाजू भक्कम राहते. फेंडरबाहेर आलेल्या २० इंचीला तो आधार नाही.

विम्याचा प्रश्न अपघातानंतर येतो. कंपनीने न बसवलेली वस्तू पॉलिसीत आधी नोंदवलेली नसेल तर तिची किंमत मिळेल असं धरू नका. आणि नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काहीच मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, तेही टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत. खड्ड्यात एकटं चाक गेलं तर खर्च तुमचा, टायरचं वेगळं ॲड-ऑन घेतलं नसेल तर.

‘जुनी चाकं आम्ही घेऊ, चांगला भाव देऊ.’

देतील. कंपनीच्या मूळ चाकांना खरोखर मागणी आहे, म्हणूनच ती विकू नयेत. गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा ती मागतो, आणि वॉरंटीत सस्पेन्शनचा वाद निघाला तर तीच लावून गाडी न्यावी लागते. ‘फ्लॅटमध्ये ठेवायची कुठे’ हा प्रश्न रास्त आहे. टायर उतरवून नुसती रिम एकावर एक रचली, मध्ये जुने टॉवेल घातले, तर १७ इंची चार रिमांची चवड कमरेएवढी होते आणि माळ्यावर नाही तर दिवाणामागे मावते. हवेचा दाब सांगणारे सेन्सर नव्या चाकांत हलवले असतील तर जुन्या रिममध्ये साधे व्हॉल्व्ह लावून घ्या, आणि मूळ बोल्टांची पिशवी त्याच चवडीत ठेवा.