बटाट्यांवर आलेली संक्रांत

ग्वाल्हेरला काय थंडी पडते ते पुण्याच्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. पारा बारावर आला की तिकडे कौतुकाने स्वेटर निघतात. इकडे गावातल्या लष्कर भागातल्या घरात जानेवारीभर आम्ही दात वाजवत चहा पितो. यंदा मात्र खरी गाठ पडली ती मागच्या अंगणातल्या बटाट्यांशी.

लागवड उशिराची, रोपं जेमतेम वीतभर. त्या रात्री आभाळ लख्ख आणि वारा ठार पडलेला. घात होतो तो अशाच रात्री. जमीन आपली सगळी ऊब उघड्या आभाळाला देऊन मोकळी होते. खिडकीतला पारा तीन अंशांवर होता, पण जमिनीलगत शून्याखाली गेला असणार, कारण पहाटे पानांच्या कडांवर पांढरे कण चमकत होते. दिसायला सुरेखच! ऊन चढलं तशी तीच पानं काळपट, ओलसर होऊन शिजलेल्या पालकासारखी लोंबायला लागली. पेशींतलं पाणी गोठलं की पान संपलंच.

त्यानंतर सुरू झाली सल्ल्यांची लाट. बटाट्यावर संशोधन करणारं सरकारी केंद्र आमच्याच गावात आहे. त्याच्या शाखा घरोघरी आहेत हे मात्र नव्याने कळलं. आत्याबाई म्हणाल्या, "राख टाक गं." शेजारचे भाईसाहब गच्चीवरून ओरडले, "रात को धुआँ करना था!" आमच्या नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, थेट कात्री मागवली.

"काळं झालेलं सगळं छाटून टाकू."

"नाना, छाटायचं नसतं. ती पानं खालच्या कोंबांना आडोसा देतात. जमिनीतला बटाटा शाबूत असला तर फुटवे येतील."

"म्हणजे करायचं काय?"

"काही नाही."

हे उत्तर आमच्या घरात आजवर कोणी ऐकून घेतलेलं नाही. म्हणून नानांना पुढच्या रात्रींच्या बंदोबस्ताचं काम दिलं. संध्याकाळी हलकं पाणी, कारण ओली माती ऊब धरून ठेवते. मग कामट्या रोवून वर कापड, पानांना न टेकणारं. सकाळी ऊन आलं की काढायचं. आधी जुनी लुगडी गेली, मग गोण्या, मग दिवाणावरची चादर.

"अगं, माझी रजई कुठाय?" ह्यांनी रात्री विचारलं.

"बटाट्यांवर."

"आणि मी?"

"तुम्हाला स्वेटर आहे ना."

आता बुंध्याशी हिरवे फुटवे दिसताहेत. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला वाफ्याशी नेऊन सांगतात, "सगळे छाटा म्हणत होते. मी कात्री लावू दिली नाही."