घेऊन टाक म्हणे!

दर रविवारी पुण्याहून काकांचा फोन आणि तोच प्रश्न. "अरे, इतकी वर्षं सिंगापुरात आहेस, भाडं भरण्यापेक्षा एखादा फ्लॅट घेऊन टाक ना!" घेऊन टाक! जशी काही मंडईतली कोथिंबिरीची जुडी.

अहो काका, इथले दहातले जवळपास आठ रहिवासी ज्या सरकारी एचडीबी घरांत राहतात, ती मला विकत घेताच येत नाहीत. मी नोकरीच्या पासवर आलेला परदेशी. उद्या पीआर (इथं कायम राहण्याची परवानगी) मिळाली तरी जुनं एचडीबी घ्यायला अजून तीन वर्षं थांबा. राहता राहिले खाजगी कॉन्डो, म्हणजे बिल्डरचे फ्लॅट. त्यावर परदेशी माणसाला जादा मुद्रांक शुल्क ३० टक्के होतं, ते एप्रिल २०२३ मध्ये एका रात्रीत ६० झालं. म्हणजे १५ लाख डॉलरच्या घराला ९ लाख डॉलर नुसता दंड (मी दंडच म्हणणार), नेहमीची स्टॅम्प ड्युटी वेगळी. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकनाला मात्र व्यापार करारामुळे इथल्या नागरिकांचाच दर. बसलाय मजेत घरं बघत!

एवढं करून बहुतेक नव्या कॉन्डोंची लीज ९९ वर्षांची. पुढे जमीन सरकारजमा.

घरमालकाला हे सगळं तोंडपाठ. भाडेकरार संपत आला की त्याचा आवाज मधाळ होतो, आणि माझ्या पोटात गोळा येतो.

परवा हे सगळं काकांना सविस्तर, आकड्यांसकट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, पण एखादा वन बीएचके तरी?"